तालमीतली ‘मेहनत’ म्हणजे परिश्रम?

पेठकरी: कुस्तीवरचा एक लेख पुण्याला छापायला दिला होता. मी लिहिलेलं, ‘पोरं पहाटे चारला उठून मेहनत करतात.’ छापून आलं, ‘मुले पहाटे चार वाजता उठून परिश्रम घेतात.’ कसले परिश्रम? आमच्या कोल्हापुरातली गंगावेश घ्या नाहीतर मोतीबाग, तालमीत मेहनत म्हणजे जोर, बैठका, दोर चढणं, ताक-तेल-हळद जिरवलेली लाल माती उकरणं आणि मग जोडीदाराशी लढत. वस्ताद विचारतात, ‘मेहनत झाली का रं?’ तिथं परिश्रम घालून बघा! फोन केला तर संपादक म्हणाले, मेहनत हा शब्द हिंदी आहे. खरंच?

शब्दखुळा: हिंदीचा कसला! मूळ अरबी ‘मिहना’, आपल्याकडं आला फारसीतून. अरबीत अर्थ कसोटी, छळ. बगदादच्या खलिफा मामूननं ८३३ साली धर्मपंडितांची मतं तपासायला जी चौकशी लावली, तिचं इतिहासातलं नाव ‘मिहना’च. तालमीतला पहिला आठवडा काढलेल्या पोराला हा अर्थ वेगळा शिकवायला नको.

शुद्धलेखनिक: म्हणजे परकाच की. श्रम, कष्ट हे घरचे शब्द असताना उसनवारी कशाला? संपादकांनी योग्य तेच केलं.

शब्दखुळा: ‘कष्ट’ संस्कृतात पीडाच होता. ‘मन कष्टी झालं’मध्ये तो जुना अर्थ अजून जिवंत आहे, ‘कष्टकरी’मध्ये नवा. दोन्ही शब्द दुःखाकडून कामाकडं आलेत, मग एक सोवळा आणि दुसरा ओवळा कसा? आणि शुद्धीचंच म्हणाल तर आपल्या राजाराम कॉलेजात शिकवणाऱ्या माधव ज्यूलियनांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश केला आणि पुढं भाषाशुद्धीची बाजूही त्यांनीच लढवली. तुमचा-आमचा वाद एकाच डोक्यात मावला होता.

कागलकडचा: मग ‘मशागत’ पण हाकलणार काय? आमच्या आज्ज्याच्या तोंडात ‘मेहनत-मशागत’ एका दमात यायचं. नांगरट, कुळवणी, सरी सोडणं, ही झाली मशागत. ह्याला शुद्ध शब्द सांगा, उद्यापासनं बैलास्नी पण शिकवतो.

शब्दखुळा: तोही अरबी, ‘मशक्कत’. उर्दूतली ‘बामशक्कत कैद’ म्हणजे आपली सक्तमजुरी. तिकडं शब्द तुरुंगात गेला, इकडं रानात.

शुद्धलेखनिक: बैलांची भाषा प्रमाण मानायची असेल तर माझं काही म्हणणं नाही.

माहेरवाशीण: तालीम झाली, रान झालं. घरात कोण म्हणतं हो मेहनत? आई ‘राबती’. आणि राबणं यावरूनच रोबोट शब्द निघाला, असं आमचे सर सांगायचे.

शब्दखुळा: सर वर्ग जागा ठेवत असणार. रोबोट आला चेक ‘रोबोटा’वरून, म्हणजे वेठ. कारेल चापेक यांच्या १९२० च्या नाटकातून तो जगभर गेला. कानाला जुळलं म्हणून सोयरीक जमत नाही.

माहेरवाशीण: बरं, रोबोट राहू द्या. ‘खपणं’ सांगा. आई चुलीपुढं खपते, दुकानात माल खपतो आणि पानिपतावर माणसं खपली. एकच शब्द?

कागलकडचा: तिन्हीकडं संपणंच की वो.

माहेरवाशीण: काम कुठं संपतंय?

कागलकडचा: काम न्हवं, माणूस.

पेठकरी: आणि ‘खपवून घेणार नाही’? तिथं ना माल, ना मरण.

शुद्धलेखनिक: तिथे सहन करणे हा अर्थ. लिहिताना सरळ ‘सहन करणार नाही’ लिहावं.

कागलकडचा: भांडताना कोण ‘सहन करणार नाही’ म्हणतंय? समोरचा हसंल. आमच्यात ‘चालवून घेणार न्हाई’ म्हणत्यात.

शुद्धलेखनिक: ‘चालवून घेणे’ म्हणजे कमी दर्जाचं निभावून नेणं. दोन्ही एक नव्हेत.

कागलकडचा: कागलात एकच हाईत.