नेटवर्कच्या रॅकला (यंत्रे बसवलेल्या लोखंडी कपाटाला) हात लावण्याआधी वीज पूर्ण बंद करावी का?

सातपूरकर:
गेल्या आठवड्यात अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात नेटवर्क स्विचचा (संगणकांच्या केबली एकत्र जोडणाऱ्या यंत्राचा) पंखा बदलायचा होता. सोबतच्या मुलाने पॉवर कॉर्ड उपसली आणि "झाला बंद" म्हणत झाकणाचे स्क्रू काढायला घेतले. पण त्या स्विचला दोन पॉवर सप्लाय होते आणि दुसरी कॉर्ड केबलींच्या गुंत्याआड यूपीएसला जोडलेलीच होती. समोरचा हिरवा दिवा मला दिसला म्हणून निभावले. भिंतीवरचा एमसीबी (पुरवठा तोडणारा खटका) पाडला असता तरी बॅटरीवर यूपीएस 230 व्होल्ट देतच राहिला असता. तेव्हा यूपीएसच्या आउटपुटसह सारा पुरवठा तोडल्याशिवाय कुणीही रॅकमध्ये हात घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रात्रपाळी:
मी असहमत आहे. झाकण उघडणे आणि बाहेरून सरकवून काढता येणारा पंखा किंवा पॉवर सप्लाय बदलणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसऱ्या प्रकारची रचनाच चालू यंत्रासाठी केलेली असते. तीन पाळ्यांच्या कारखान्यात एका पंख्यासाठी सगळे नेटवर्क पाडा म्हणणाऱ्याला मालक दारात उभा करणार नाही. शिवाय रॅकचे अर्थिंग वेगळे जोडलेले नसेल, तर दोन्ही कॉर्ड काढताच स्विचचे अर्थिंगही सुटते, हे आपण विचारात घेतलेले नाही.

सिडकोची केबलवाली:
आपण दोघेही विजेवर भांडत आहात, पण तो मुलगा फसला तो गुंत्यामुळे. कॉर्डच्या दोन्ही टोकांना लेबल असते, पॉवरच्या वायरी एका बाजूने आणि डेटा केबल दुसऱ्या बाजूने नेलेल्या असत्या, तर दुसरी कॉर्ड त्याला दिसली असती. आणि पोलादी कवच असलेली फायबर (काचेच्या तंतूंची डेटा केबल) बाहेरून आत येत असेल तर तिचे कवच अर्थिंगला जोडा. काच वीज वाहत नाही, पोलाद वाहते.

सातपूरकर:
बाहेरून निघणाऱ्या भागांपुरते रात्रपाळींचे म्हणणे मान्य आहे आणि अर्थिंगचा मुद्दाही बिनतोड आहे. लेबलांवर मात्र माझा भरवसा नाही, कारण आतली जोडणी चुकलेली असली तर ती लेबलावर दिसत नाही. जुन्या इमारतींत फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले मी स्वतः पाहिले आहेत. तिथे बटण बंद केल्यावर न्यूट्रल तुटतो आणि फेज आत तसाच जिवंत राहतो. म्हणून झाकण उघडायचे असेल तर दोन्ही कॉर्ड बाहेर, यात तडजोड नाही.

रात्रपाळी:
झाकणापुरते मान्य. पॉवर सप्लायची पेटी मात्र कॉर्ड काढूनही उघडू देऊ नका. तिच्यातल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) विद्युतभार उरलेला असतो.