लिनक्स जमत नाही तो विद्यार्थी आळशी म्हणे!

खाजणकाठ (गुहागर)
परवा इथे एका दादांनी लिहिलं की अकरावीपासून पुढच्या प्रत्येक पोराने विंडोज काढून टाकावं, अभ्यासाला लिनक्सच (विंडोजच्या जागी बसणारी फुकट प्रणाली) वापरावं, आणि ज्याला ते जमत नाही तो आळशी. खाली टाळ्या वाजवणाऱ्यांची ही रीघ. तिथेच दोन ओळी खरडणार होतो, पण डोकं तापलं, म्हणून वेगळा धागा.

दादा, इथे पोराच्या लॅपटॉपवर काय असावं हे पोरगा ठरवत नाही. कॉलेजची लॅब ठरवते, प्रोजेक्ट तपासणारे सर ठरवतात आणि एसटी स्टँडसमोरचा झेरॉक्सवाला ठरवतो. माझ्या पुतणीने बीएचा मराठी प्रकल्प लिब्रे ऑफिसमध्ये (वर्डसारखंच, पण फुकट) टाइप केला. घरी सगळं सुबक. झेरॉक्सवाल्याने फाइल वर्डमध्ये उघडली तर त्याच्याकडे तो फॉन्टच नाही. दुसरा फॉन्ट बसला, ओळी लांबल्या, तक्ता मध्येच तुटून पुढच्या पानावर, अनुक्रमणिकेतले आकडे भलतीकडेच. मागे रांग, आणि तो म्हणतो, "ताई, नीट करून आणा." गावाकडची शेवटची गाडी सुटायला आलेली. यात आळस कोणाचा ते सांगा.

कॉमर्सवाल्यांना टॅली लागतं, सिव्हिलच्या डिप्लोमाला ऑटोकॅड. दोन्हींची लिनक्सवर चालणारी आवृत्ती नाही. "वाइन टाकून बघ" (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवायची सोय) म्हणणाऱ्यांनी परीक्षेच्या आदल्या रात्री स्वतः टाकून बघावं.

रातांबा
पीडीएफ करून न्यायची होती. संपला विषय. एवढ्यासाठी धागा?

खाजणकाठ (गुहागर)
सरांना वर्डचीच फाइल हवी असते, लाल रंगात दुरुस्त्या करायच्या असतात. तुमच्या सरांना पीडीएफ चालत असेल तर नारळ फोडा.

हर्णैचा वारा
मी त्या दादांच्या बाजूने. भाषा वाईट होती, मुद्दा नाही.

आपल्याकडे किती पोरांना नवा लॅपटॉप मिळतो? मुंबईच्या काकाने ऑफिसमधून निघालेला, 4 जीबी रॅमचा, गणपतीला येताना आणलेला असतो. त्याला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप नाही, प्रोसेसर जुना, विंडोज 11 त्यावर चढत नाही. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. मग बापाने काय करायचं, कलमं गहाण टाकायची? त्याच मशीनवर मिंट या लिनक्सची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाका. ब्राउझर, पीडीएफ, पायथन सगळं चालतं.

आणि "आमचं विंडोज" म्हणणाऱ्यांनी छातीवर हात ठेवून सांगा, विकत घेतलंय? की दुकानदाराने क्रॅक मारून दिलंय आणि वर "अँटिव्हायरस बंदच ठेवा" म्हणून सांगितलंय?

पेनड्राइव्हचं तर बोलूच नका. त्याच तुमच्या झेरॉक्सच्या दुकानात लावून आणला की सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले. आमच्या शेजारची पोरगी रडकुंडीला आली, वर्षभराचं काम गेलं म्हणून. माझ्या लिनक्सला लावला. खरं फोल्डर तिथेच होतं, व्हायरसने फक्त लपवलेलं. शॉर्टकटवर दाबलं तरी ढिम्म काही झालं नाही.

खाजणकाठ (गुहागर)
विंडोज 10 ला सुरक्षा अपडेट 2026 च्या ऑक्टोबरपर्यंत मिळतात, मायक्रोसॉफ्टच्या खात्यात लॉगिन करून नोंदणी करा. अर्धवट माहिती देऊन पालकांना घाबरवू नका.

हर्णैचा वारा
वा! एका वर्षात पोराची डिग्री होणार आहे का?

निळा पडदा (एफवाय, रत्नागिरी)
विद्यार्थी म्हणून बोलू का? घरी उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार), लॅबमध्ये डॉसबॉक्सच्या, म्हणजे जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या खिडकीत टर्बो सी, सी भाषेचा जुनाट कंपायलर. 1991 च्या आसपासचा हा टर्बो सी, तरी आम्हाला परीक्षेला हाच. घरी जीसीसीवर (लिनक्सवरचा सी कंपायलर) प्रोग्राम नीट चालवून नेला तर मॅडम म्हणाल्या, क्लिअरस्क्रीन कुठाय, गेटच कुठाय? ते दोन्ही ज्यात असतात ते टर्बो सीचं कोनिओ डॉट एच उबुंटूच्या जीसीसीत नसतंच. मी इंट मेन लिहिलं तर ते खोडून व्हॉइड मेन करायला लावलं. बरोबर लिहिलं म्हणून मार्क जातात, तेव्हा लिनक्स चांगलं की वाईट हे मला विचारू नका.

मास्तरीण
फॉन्टचा विषय निघालाच आहे तर माझंही ऐका. एका कार्यालयात (नाव घेत नाही, बदलीचा अर्ज अजून तिथेच आहे) मी युनिकोडमधलं (कुठल्याही मशीनवर मराठीच दिसतं ते) पत्र दिलं. परत आलं. "आमच्या फॉन्टात द्या." त्यांचा फॉन्ट म्हणजे आत इंग्रजी अक्षरं आणि वर मराठीचं सोंग. फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडा, नुसता कचरा दिसतो. त्यात शोधता येत नाही, मोबाइलवर वाचता येत नाही. पोरांना लिनक्सचं काय सांगता, आधी ही थेरं बंद करा.

छापखाना (कुडाळ)
बाई, थेरं कसली? लग्नपत्रिका, दशावतारी नाटकाच्या जाहिराती, सगळं त्याच फॉन्टात होतं. युनिकोड पेजमेकरमध्ये (आमचं पानं लावायचं सॉफ्टवेअर) टाकला की जोडाक्षरं फुटतात. माझ्याकडे वीस वर्षांच्या फाइली आहेत, त्या काय समुद्रात टाकू?

मास्तरीण
पेजमेकर केव्हाच बंद पडलाय, युनिकोडला बोल लावू नका. इनस्क्रिप्ट शिका. तो कीबोर्ड विंडोजमध्ये आहे, लिनक्समध्ये आहे, आणि मराठी, कन्नड, गुजराती सगळ्यांत अक्षरांच्या जागा त्याच.

छापखाना (कुडाळ)
रेमिंग्टन टाइपरायटरच्या कीबोर्डवर हात बसलाय. पन्नाशीत बोटांना नवं वळण तुम्ही लावून देणार का? उंटावर बसून शेळ्या हाकणारे सगळीकडे आहेत, शाळेत जरा जास्तच.

मास्तरीण
म्हणजे तुमची बोटं बदलत नाहीत म्हणून माझ्या मुलांनी कचरा टाइप करायचा! धन्य.

मालवणी मसालो
तुमचो फॉन्ट ऱ्हवांदे बाजूक. आमच्या झिलान लॅपटॉपात लिनक्स घातल्यान आणि गेलो शिकूक मुंबैक. आता प्रिंटर लावलंय तर नाव दिसता, कागद काय भायर येणा नाय. झिलाक फोन केलंय, तर म्हणता टर्मिनल उघड. मेल्या, माका ता खय आसा ताच ठावक नाय.

खाजणकाठ (गुहागर)
बघा! मी हेच म्हणतोय. पोरगं शिकून जातं, मागे घरच्यांनी काय करायचं? विंडोज अडलं तर वाडीतला कोणीतरी येऊन बघतो. लिनक्स अडलं की मुंबईला फोन.

रातांबा
नेत्रावती पकडून खाली जा. केरळात सरकारी शाळांमधली मुलं कित्येक वर्षं लिनक्सवरच शिकतायत. त्यांची डोकी वेगळी आहेत काय?

निळा पडदा (एफवाय, रत्नागिरी)
तिथे सरकारने आधी शिक्षकांना शिकवलं, मशीन आणि पुस्तकं त्याच हिशेबाने केली. इथे सगळा भार पोरावर.

हर्णैचा वारा
एवढं मात्र खरं बोललास. टॅली-ऑटोकॅडवाल्यांना मीही लिनक्स टाकून देत नाही, आधी कोर्स विचारतो. पण बीए, बीएस्सीवाल्यांना घाबरवायचं कारण नाही. विंडोजचा मंगल फॉन्ट नसेल तर त्यांनी नोटो या फुकट फॉन्टमध्ये टाइप करावं आणि सेव्ह करताना फॉन्ट फाइलमध्येच बसवावा, लिब्रे ऑफिसमध्ये तशी सोय आहे. पुतणीचा तक्ता तुटला नसता.

खाजणकाठ (गुहागर)
हे त्या दादांनी आळशी म्हणण्याऐवजी लिहिलं असतं तर धागाच काढला नसता. जुन्या मशीनचं आणि पेनड्राइव्हचं मान्य, काय करता. नव्या लॅपटॉपवर मात्र दोन्ही शेजारी ठेवा, विंडोज उडवू नका.

निळा पडदा (एफवाय, रत्नागिरी)
तसं करणार असाल तर आधी बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) रिकव्हरी की वहीत उतरवा. 48 आकडी असते. माझ्या रूममेटने न बघता उबुंटू शेजारी बसवलं, विंडोजने की मागितली. ती ज्या खात्यात होती त्याचा ओटीपी बाबांच्या मोबाइलवर, आणि बाबा ट्रॉलरवर.

मालवणी मसालो
माज्या प्रिंटराचा कोण बघता काय?