मदत हवी आहे: खलनायक लेखकाचा लाडका झालाय, वेसण कशी घालावी?

कोराकागद:
कादंबरीचा दुसरा खर्डा तयार आहे. ३६ प्रकरणं, ९०,००० शब्द, सूडकथा. खलनायक काल्पनिक बंदरावर हुकूमत गाजवणारा जहाजमालक. खर्डा वाचणाऱ्या चौघांपैकी तिघांचा शेरा एकच: "हा लेखकाचा लाडका दिसतोय."

नायिकेच्या पाचही डावांची त्याला आधीच खबर असते आणि पाचही वेळा तो जिंकतो. प्रकरण ३३ मध्ये मात्र तो फुशारकीत स्वतःचाच बेत बोलून बसतो आणि हरतो. त्यावर प्रश्न आला, "इतका धूर्त माणूस अचानक माठ कसा झाला?" ताकद कमी करून पाहिली तर त्याची दहशतच जाते. सगळं नव्याने न लिहिता काय करता येईल?

शाईदौत:
ताकदीला हात लावू नका. वाचक चिडतो ते खलनायक बलवान आहे म्हणून नव्हे, तर कथेतले नियम त्याच्यापुरते वाकतात म्हणून.

त्याच्या प्रत्येक विजयापुढे तीन रकाने आखा: कशाच्या जोरावर जिंकला, किंमत काय मोजली, वाचकाला हे आधी कळायला वाव होता का. पहिल्या रकान्यात "योगायोग" किंवा "समोरचा बावळटपणे वागला" असं पाचात एकदा चालेल, तेही सुरुवातीच्या प्रकरणांत. दुसरा रकाना बहुतेक कोराच निघेल. लाडकेपणा तिथेच उघडा पडतो.

"आधीच खबर असते" हे तर लेखकाने त्याच्या कानात सांगितल्यासारखं आहे. खबर कोणी आणली? त्या माणसाला काय मिळतं? बातमी पोचायला किती वेळ लागला? खबऱ्या आला की उशीर आला, अर्धवट माहिती आली. तिसऱ्या डावात खबर एक दिवस उशिरा पोचू द्या. तो जिंकेलच, पण एक जहाज आणि दोन भरवशाची माणसं गमावून. आणि ते नुकसान पुढच्या प्रकरणात जाणवायला हवं, नाहीतर किंमत नुसती कागदावर राहते.

तिरकस:
वरच्याशी सहमत, पण अर्धा आजार निवेदनात असतो. फक्त त्याचे प्रसंग सलग वाचून काढा आणि खुणा करा. प्रसंगातलं शेवटचं खटकेबाज वाक्य दरवेळी त्यालाच मिळतं का? शत्रूसुद्धा त्याच्याबद्दल कौतुकाने बोलतात का? (कोटाच्या रंगाचं वर्णन तीनदा आलं असेल तर निदान पक्कं.) निम्म्या प्रसंगांतलं ते शेवटचं वाक्य सरळ उडवा. ज्यांचं तो वाटोळं करतो ती माणसं प्रसंग संपताच गायब होत असतील, तर त्यातल्या एकाला नंतर पानभर जागा द्या. जळालेलं घर दिसलं की त्याची ऐट आपोआप उतरते.

उंबरठा:
शेवटाबद्दल. हिरण्यकशिपूचा वर आठवा: माणसाकडून नाही, पशूकडून नाही, दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही. अटी आधीच ऐकवलेल्या असतात, म्हणून संध्याकाळी उंबरठ्यावर नरसिंह येतो तेव्हा कोणी "फसवलं" म्हणत नाही. रावणाने वर मागताना माणसांना मोजलंच नाही, कारण ती त्याला कस्पटासमान वाटत होती. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो' नाटकातला खलनायक इयागो रुमालावर अख्खा डाव रचतो, पण तो रुमाल आणून देणारी त्याची बायको एमिलियाच शेवटी तोंड उघडते. ती गप्प बसेल हे त्याने गृहीत धरलेलं असतं.

तिन्हीकडे फट आधीपासून आहे, आणि ती त्या माणसाच्या स्वभावातून किंवा त्यानेच मागितलेल्या अटींतून आली आहे. तुमचा जहाजमालक खबऱ्यांना धाकात ठेवून जिंकतो ना? मग धाकानेच हरवा. प्रकरण ९ मध्ये वाईट बातमी खरी सांगणाऱ्याला शिक्षा होऊ द्या, वाचक ती क्रूरता समजेल. प्रकरण २१ मध्ये दुसरा खबऱ्या आकडा थोडा गोड करून सांगेल. प्रकरण ३३ मध्ये त्याला कोणीच काही सांगत नाही. फुशारकीचं भाषण काढून टाका.

कोराकागद:
पण २१ मध्येच खबऱ्या खोटं बोलला, तर तो तिथेच दुबळा दिसणार नाही का? शिवाय तो २२ प्रकरणांत प्रत्यक्ष हजर आहे.

उंबरठा:
२१ मध्ये त्याला जिंकूच द्या. विजयाच्या गडबडीत तो चुकीचा आकडा कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. हजेरी मात्र १२ वर आणा. शेरलॉक होम्सचा शत्रू मोरियार्टी १८९३ च्या कथेत पहिल्यांदा येतो, पण त्याची आणि होम्सची भेट आपल्याला होम्सच्याच तोंडून कळते. दहशत त्यात वाढते.

तिरकस:
इथे थोडं वेगळं मत. होम्ससारखा माणूस घाबरतो म्हणून ते जमतं, ऐऱ्यागैऱ्याने सांगितलं तर ती नुसती अफवा ठरते. सूडकथेत दोघं समोरासमोर यायलाच हवेत. १५-१६ ठेवा, आणि जिथे तो फक्त विचार करत खिडकीशी उभा आहे ती प्रकरणं आधी कापा.

शाईदौत:
क्रमही पाळा: आधी रकाने, मग ९, २१ आणि ३३, मग हजेरीची काटछाट, भाषेवरचा हात सर्वांत शेवटी. जे प्रसंग उडणार आहेत त्यांची वाक्यं घासत बसण्यात आठवडे जातात, आणि घासूनपुसून झालेला प्रसंग नंतर कापवत नाही.