गॅमा किरणांनी काच तपकिरी का होते?

निरागस_नळी: कोबाल्ट-६० च्या (गॅमा किरण सोडणाऱ्या) सोर्सजवळ ठेवलेली साधी परीक्षानळी बाहेर काढली, तर चक्क कोऱ्या चहाच्या रंगाची! तडा नाही, काही नाही. आता ती किरणोत्सारी झाली का?

जुना_प्रयोगशाळावाला: नाही हो, बिनधास्त हातात घ्या. १.१७ आणि १.३३ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेचे गॅमा किरण अणुकेंद्राला धक्का लावत नाहीत. ते इलेक्ट्रॉन मोकळे करतात, ते काचेतल्या दोषांत अडकतात आणि तिथे रंगकेंद्रं तयार होतात. ती निळा प्रकाश जास्त गिळतात, म्हणून तपकिरी. भट्टीत हळूहळू काहीशे अंशांपर्यंत तापवा, रंग बराचसा उतरेल. किरणांपुढच्या खिडक्यांच्या काचेत म्हणूनच सिरियम हे मूलद्रव्य घालतात. ती मुळातच किंचित पिवळट असते, पण नंतर फारशी काळवंडत नाही.

निरागस_नळी: आणि विद्युत गुणधर्म?

जुना_प्रयोगशाळावाला: खरी गंमत तिथेच! किरणांचा मारा चालू असताना वाहकता वाढते, थांबला की बहुतेक उतरते. पण जाड काचेवर इलेक्ट्रॉनचा झोत सोडला तर विद्युतभार आतच कोंडतो. टोकदार खिळ्याने टिचकी मारली की क्षणात डिस्चार्ज होतो आणि आत फांद्याफांद्यांची नक्षी कायमची उमटते.

वाटसरू: ऑप्टिकल फायबरवाल्यांनो (प्रकाश वाहून नेणारे काचेचे तंतू), शुद्ध सिलिका घ्या. किरणांपुढे साध्या काचेपेक्षा कितीतरी जास्त टिकते.