शब्दचर्चा : ‘आनुवंशिक’, ‘पिढीजात’, ‘वाहक’ आणि ‘घराण्यात आसा’

देवगडहून प्रश्न

मामेबहिणीसाठी कणकवलीकडचं एक स्थळ आलंय. मुलाच्या मावशीला बायपोलर (कधी खोल नैराश्य, तर कधी अतिउत्साहाचा झटका येणारा मनाचा आजार) आहे, हे त्यांनी पहिल्याच भेटीत आपणहून सांगितलं. मावशी गोळ्या घेते, नोकरी करते, संसार सांभाळते. परतताना आमची वडीलधारी माणसं एवढंच म्हणाली, “तेंच्या घराण्यात खूळ आसा.” मी समजवायला गेले तर शिकल्यासवरल्या काकांनी ‘आनुवंशिक’ हा शब्द काढला आणि बोलणंच खुंटलं. मुलगा ‘वाहक’ असणार, असंही कुणी म्हणालं. या शब्दांचा नेमका अर्थ कुणी सांगेल का?

रत्नागिरीहून

ताई, आधी ‘पिढीजात’ बाजूला ठेवू. तो घरादाराचा, धंद्याचा, मानपानाचा शब्द आहे. पिढीजात बाग, पालखीचा पिढीजात मान. जे आहे ते अख्खं पुढच्याच्या हाती जातं. आजाराला हा शब्द लावला की प्रत्येक पिढीत एकाची पाळी ठरलेली, असं वाटू लागतं.

‘आनुवंशिक’चा अर्थ वेगळा आहे. आईवडिलांकडून आलेल्या जनुकांचा ज्यात वाटा आहे, ते आनुवंशिक. वाटा किती आणि बाकी कशाचा, ते हा शब्द सांगत नाही. गाडीत बसल्या बसल्या ‘वाटा’चं ‘येणारच’ झालं, तिथेच अर्थ बदलला.

बायपोलरपुरते आकडे असे. सर्वसाधारण समाजात आयुष्यभरात साधारण शंभरातल्या एकाला हा आजार होतो. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला असेल तर शंभरात 5 ते 10 जणांना. म्हणजे धोका कित्येक पट वाढतो हे खरं, पण तरीही शंभरातल्या 90 किंवा त्याहून जास्त जणांना तो होत नाही. मावशीचं नातं त्याहून एक पायरी लांबचं, त्यामुळे मुलाचा धोका आणखी कमी.

काकांनी कदाचित ‘आनुवंशिकता 60 ते 85 टक्के’ असं वाचलं असेल. आकडा बरोबर आहे, जुळ्यांच्या अभ्यासांतून आलेला आहे. पण त्याचा अर्थ ‘मुलाला होण्याची शक्यता 85 टक्के’ असा मुळीच नाही. एखाद्या लोकसमूहात माणसामाणसांत या आजाराच्या बाबतीत जो फरक दिसतो, त्यातला किती भाग जनुकांतल्या फरकामुळे आहे, ते तो सांगतो. तो आकडा समूहाचा आहे, एका मुलाच्या कपाळावर लिहिलेला नाही. या गैरसमजावर स्थळं मोडतात, म्हणून हे इतकं लांबवून लिहिते आहे.

‘वाहक’ इथे चुकलाच. थॅलेसेमिया किंवा सिकलसेलमध्ये एकाच जनुकाची सदोष प्रत बाळगणारा, स्वतः बहुधा ठणठणीत असलेला माणूस वाहक असतो. रक्ततपासणीत ते कळतं. बायपोलरला असं एक जनुक नाही, म्हणून असा वाहकही नाही.

अलिबागहून

शाळेत मेंडेलचे वाटाणे शिकवतो, त्यामुळे लिहावंसं वाटलं. उंच-बुटका, प्रभावी-अप्रभावी एवढंच डोक्यात राहतं आणि प्रत्येक आनुवंशिक गोष्टीमागे एक जनुक शोधायची सवय लागते. शास्त्रज्ञांनीही तसं शोधलं होतं. 1987 मध्ये अमेरिकेतल्या अमिश या छोट्या धार्मिक समाजातल्या कुटुंबांच्या अभ्यासातून अकराव्या गुणसूत्रावर या आजाराचा धागा सापडल्याचं प्रसिद्ध झालं. 1989 मध्ये त्याच कुटुंबांची नवी माहिती धरून पुन्हा तपासलं, तेव्हा तो निष्कर्ष टिकला नाही.

आता योग्य शब्द ‘बहुजनुकीय’, म्हणजे अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असलेला. 2025 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या अभ्यासात 1 लाख 58 हजारांवर रुग्ण होते आणि जनुकसंचात 298 जागा मिळाल्या. एकेका जागेचा परिणाम अगदी किरकोळ. त्यातल्या बऱ्याच तुमच्याआमच्यातही असणार. रुग्ण युरोपीय, पूर्व आशियाई, आफ्रिकन-अमेरिकन आणि लॅटिनो वंशगटांतले होते, आपल्याकडचा गट त्यात नव्हता. त्यामुळे थुंकी तपासून ‘बायपोलरचा धोका इतका’ असं कुणी विकू लागलं तर त्यावर लग्न ठरवू नये.

राजापूरहून

मी बागायतदार. एकाच हापूसच्या काड्या घेऊन बांधलेली कलमं म्हणजे रक्तानं एकच झाड. तरी कातळावरचं आणि खाडीकडचं सारखं धरत नाही. खाऱ्या वाऱ्यात एकाचा मोहोर करपतो, दुसरं लगडतं. जुळ्यांचं असंच का?

रत्नागिरीहून

दादा, तसंच. एकसारख्या जुळ्यांत एकाला बायपोलर असेल तर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण 40 ते 70 टक्के सांगितलं जातं. जनुकं जवळपास तीच, तरी शंभर टक्के नाही. उरलेल्यासाठी आपण ‘परिस्थिती’ म्हणतो, पण त्या शब्दातून ‘आईबापांनी नीट वाढवलं नाही’ असं ऐकू येता कामा नये. झोप मोडणं, बाळंतपण, नशेचे पदार्थ, मोठा ताण यांनी झटका उसळू शकतो. म्हणून ज्या घरात आजार आहे तिथे जागरणं टाळणं ही अगदी व्यवहारातली काळजी आहे. गणपतीत रात्रभर भजनाला बसवताना आठवण ठेवावी.

वेंगुर्ल्याहून

बायपोलरला मराठी शब्द कोणता धरायचा? ‘द्विध्रुवी’ कानाला भूगोलासारखा लागतो.

रत्नागिरीहून

ध्रुव हे दोन मनःस्थितींचे. जर्मन मनोविकारतज्ज्ञ कार्ल लिओनहार्ड यांनी 1957 मध्ये नुसतं नैराश्य येणारे आणि नैराश्याबरोबर उन्मादही (अतिउत्साहाचा झटका) येणारे, असे रुग्ण वेगळे केले. एकध्रुवी-द्विध्रुवी ही जोडी तिथून आली. त्याआधी जर्मन मनोविकारतज्ज्ञ क्रेपेलिन यांनी सगळ्यांना उन्माद-अवसाद (अवसाद म्हणजे नैराश्य) या एकाच नावाखाली घेतलं होतं. मला ‘उन्माद’ रोजच्या बोलण्यात नको वाटतो. वर्तमानपत्रांनी तो दंगलीला आणि विजयोत्सवाला देऊन टाकलाय. बाह्यरुग्ण विभागात लोक ‘बायपोलर’च म्हणतात, तोच राहू द्या. ‘खूळ’ मात्र सोडायला हवा. त्यात आजार, स्वभाव आणि हट्ट सगळं एकत्र कालवलं जातं आणि त्याला औषध आहे हेच दिसेनासं होतं. लिथियम या औषधाचा उपयोग ऑस्ट्रेलियन डॉक्टर जॉन केड यांनी 1949 मध्ये दाखवला, आजही ते दिलं जातं.

देवगडहून

मग घरी मालवणीत काय सांगू? ‘संभाव्यता’ म्हटलं तर आजी उठून जाईल.

रत्नागिरीहून

असं सांगा : “मावशीक बायपोलर आसा. ती गोळये घेता, बरी आसा. झील बरो आसा. तेका होतलाच असा काय नाय.” आणि ‘घराण्यात आसा’ असं कुणी पुन्हा म्हटलं तर ‘कोणाक आसा?’ एवढंच विचारा. नाव आलं की बोलणं त्या माणसाबद्दल होतं. काकांना आकडे हवे असतील तर वरचे द्या, आणि तरीही शंका राहिली तर मुलाकडच्यांच्या संमतीनं दोन्ही घरच्यांनी मनोविकारतज्ज्ञाला एकत्र भेटावं.

आणि हो, ‘अनुवंशिक’ नाही, ‘आनुवंशिक’. अनुवंश अधिक इक, पहिल्या स्वराची वृद्धी होते.