सतरा गोळ्या असल्या तरी पहिली कुठं लागते?

सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर काढून पोलिसांना सतरा गोळ्यांचं ग्लॉक पिस्तूल दिलं की चकमकीत वरचढ ठरतील, असं काही जण म्हणतात. मला हे अर्धंच पटतं.

११ एप्रिल १९८६ ची अमेरिकेतल्या मायामीची चकमक बघा. एफबीआय या तिथल्या केंद्रीय तपास यंत्रणेचे आठ एजंट, समोर दोघेच दरोडेखोर. त्यातल्या प्लॅट नावाच्या दरोडेखोराच्या दंडातून ९ एमएम जाडीची गोळी छातीत शिरली, फुप्फुस निकामी झालं, पण ती हृदयाच्या जेमतेम इंचभर अलीकडं थांबली. तो तसाच लढत राहिला. दोन एजंट गेले. म्हणजे नेम बरोबर होता, गोळी आत कमी गेली. त्यानंतर एफबीआयनं जास्त जोरदार १० एमएम, मग तिच्याहून सौम्य .४० इंची गोळी वापरून बघितली आणि शेवटी सुधारित गोळ्या घेऊन परत ९ एमएमवरच आली. हाताला बसणारा धक्का कमी, म्हणून दुसरी गोळीही जागेवर बसते.

माझी पुतणी इथं कोल्हापुरात पिस्तूल शिकते. नेमबाज राही सरनोबतचं गाव हे, पोरींना वेडच आहे. रोज संध्याकाळी भिंतीसमोर उभी राहून रिकाम्या पिस्तुलाचा घोडा दाबत असते, नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी हलली की परत पहिल्यापासून. तेही स्थिर लक्ष्यावर, कुणी उलट गोळी झाडत नसताना!

चकमकीत हात थरथरतो, समोरचा पळतो, म्हणून जादा गोळ्या हव्यातच. पण इथल्या महाद्वार रोडच्या गर्दीत चुकलेली प्रत्येक गोळी कुणाच्या तरी अंगात जाईल. नवीन पिस्तुलांआधी सरावाच्या गोळ्या वाढवा.