कार्टूनमधल्या क्वीअर जोड्या: चॅनेलची कात्री न लागलेल्या मालिका सुचवा

सानिका_म
काल भाचीबरोबर 'द लेजंड ऑफ कोरा' संपवली. कोरा आणि आसामी हात हातात घेऊन एकमेकींकडे बघतात आणि मालिका संपते. भाचीनं तो प्रसंग तीनदा लावला. "मावशी, या प्रेमात आहेत ना? मग सांगत का नाहीत?" ती १४ वर्षांची आहे. स्वतःबद्दलची एक गोष्ट तिनं गेल्याच महिन्यात मला विश्वासानं सांगितली, म्हणून हे उत्तर नीट द्यायचंय. स्पष्ट बोलणाऱ्या मालिका सुचवाल का?

निशांत
आधी तिला सांगा की तिला दिसलं ते बरोबर दिसलं. शेवटचा भाग डिसेंबर २०१४ मध्ये आला आणि तीनच दिवसांत दोन्ही निर्मात्यांनी त्या प्रेमात असल्याचं जाहीर केलं. चॅनेलचा पाठिंबा होता, पण किती दाखवायचं याला मर्यादा होती, असं त्यांच्यातले एक, कॉनिएट्झको यांनी लिहिलं होतं.

आता डोळे मिटून 'स्टीव्हन युनिव्हर्स' लावा. त्यातली योद्धी गार्नेट पहिल्या भागापासून असते. पहिल्या सीझनच्या अखेरीला, 'जेल ब्रेक'मध्ये कळतं की ती म्हणजे रूबी आणि सफायर या दोघी, प्रेमानं एकरूप झालेल्या. दोघी धावत येऊन भेटतात आणि आधी काय विचारतात, तर तुला काही लागलं का. मला तिथे दरवेळी भरून येतं. हे प्रेम उघड दाखवू नका असा दबाव मालिकेच्या निर्मात्या रिबेका शुगर यांच्यावर होता. मालिका बंद पडू शकते हे कळूनही त्यांनी माघार घेतली नाही, आणि जुलै २०१८ मध्ये दोघींचं लग्न लागलं. रूबी पांढऱ्या झग्यात, सफायर सुटात! शिवाय त्याच लग्नात खलनायिका येऊन थडकतात, म्हणजे लग्न कापलं तर पुढची गोष्टच कळणार नाही. नातं कथेच्या पायातच घातलंय, म्हणून ते टिकलं.

फक्त आवृत्ती बघून घ्या. ब्रिटनमध्ये कार्टून नेटवर्कनं रोझ (स्टीव्हनची आई) आणि पर्ल या दोघींच्या नाचाला कात्री लावली होती. रोझ आणि ग्रेगचं, म्हणजे स्टीव्हनच्या आईवडिलांचं, चुंबन मात्र तसंच ठेवलं.

उर्वी
'शी-रा'ची २०१८ ची नवी आवृत्ती, पाच सीझन. अडोरा आणि कॅट्रा. जग वाचतं तेच त्यांच्या प्रेमाच्या कबुलीमुळे, पुढे काही सांगत नाही.

केदार_जी
'द आउल हाउस' राहिली. डिस्नीच्या वाहिनीवर असं नातं चालणार नाही, असं तिच्या निर्मात्या डेना टेरेस यांना सुरुवातीला सांगितलं गेलं होतं. त्या हटल्या नाहीत, म्हणून लूझ आणि अ‍ॅमिटी आपल्याला मिळाल्या. पण तिसऱ्या सीझनचे तीनच मोठे भाग झाले. डिस्नीनं सूड उगवला असं सगळीकडे म्हणतात.

निशांत
केदार, ते जरा जपून. टेरेस यांनी स्वतः दिलेलं कारण वेगळं आहे. कथा सलग, प्रेक्षक वयानं मोठा, त्यामुळे मालिका 'डिस्नी ब्रँड'मध्ये बसत नाही असं वरच्या कुणीतरी ठरवलं.

केदार_जी
मान्य. एक इशारा: 'सेलर मून' बघायची झाली तर जुनं इंग्रजी डबिंग नको. त्यात हारुका आणि मिचिरू या जोडीला चक्क चुलत बहिणी करून टाकलंय. २०१४ पासूनचं नवं घ्या.

सानिका_म
सगळ्यांचे मनापासून आभार. निर्मात्यांनी काय लिहिलं होतं ते भाचीला सांगितलं. "म्हणजे माझं चुकलं नव्हतं," म्हणाली, आणि कोराचा तो प्रसंग पुन्हा लावला. उद्यापासून 'स्टीव्हन'.